जिन्याचा केर कोण काढते?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: "आम्ही २०१६ पासून स्टुटगार्टला राहतो. नवरा वाहन उद्योगात अभियंता आहे, मी ८० टक्के वेळेची नोकरी करते, मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत आहे. सासू-सासरे कोथरूडला असतात. सासरे ७४ वर्षांचे आहेत. नवरा म्हणतो, 'इथं पगार साहेबाचा आणि जगणं गड्याचं. पुण्यात निदान माणसासारखं राहू.' पुण्यातली जाऊबाई म्हणते, 'ताई, तिकडचं सुख टाकून या धुळीत कशाला येताय?' दर जानेवारीत, पुण्याहून परतल्यावर, मी कागदाचे उभे दोन भाग करते, इकडचे चांगले आणि तिकडचे चांगले लिहून काढते आणि तो कागद फ्रिजला चिकटवते. यंदाचा चौथा. दर वेळी दोन्ही बाजू सारख्याच भरतात. रोजचे जगणे खरोखर कुठले बरे, हे तुम्ही तटस्थपणे सांगावे. – दोन्हीकडची"

प्रिय 'दोन्हीकडची',

पत्रासोबत तुम्ही चौथ्या कागदाचे छायाचित्र पाठवले, हे फार बरे केले. डाव्या बाजूला तुम्ही नळाचे पाणी, पदपथ, ट्राम, विनाशुल्क शाळा, आजारपणाची रजा आणि रात्रीची शांतता असे लिहिले आहे. उजव्या बाजूला धुण्याभांड्याच्या मावशी, त्याच दिवशी भेटणारे डॉक्टर, दारात येणारी भाजी, आई-बाबा आणि न सांगता टपकणारी माणसे आहेत. कागद चार वेळा लिहूनही तुमच्या एक गोष्ट लक्षात आली नसावी. डावीकडची जवळजवळ प्रत्येक नोंद उंबरठ्याच्या बाहेरची आहे आणि उजवीकडची जवळजवळ प्रत्येक नोंद उंबरठ्याच्या आतली, किंवा फार तर दारापर्यंत येणारी आहे. दोन्ही बाजू सारख्या भरतात त्याचे कारण हेच. तुम्ही एका देशाची तुलना दुसऱ्याशी करत नसून रस्त्याची तुलना स्वयंपाकघराशी करत आहात, आणि ती बरोबरीतच सुटणार.

तटस्थपणाचे म्हणाल, तर तो माझ्याकडे नाही. मी स्वतः २००९ पर्यंत नऊ वर्षे स्टुटगार्टच्या पश्चिम भागात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहिले आणि तेव्हापासून पुण्यात आहे. त्यामुळे तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटली, ती म्हणजे दाराच्या मुठीला अडकवलेली पाटी.

इतर वाचकांसाठी सांगायला हवे की, स्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात आहे, तिथे जिना, तळघर आणि इमारतीसमोरचा पदपथ रहिवाशांनी आळीपाळीने झाडून-पुसून घेण्याची जुनी रीत आहे. तिला केरवोखे म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांत आपला केर तसाच्या तसा बसलेला पाहून मला पहिल्या दिवशी हसू आले होते, पण ते आठवडाभरच टिकले. स्टुटगार्टमध्ये ही सक्ती १९८८ साली, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, शहराच्या नियमांतून निघाली. पण भाडेकरारांतून आणि त्याहून अधिक शेजाऱ्यांच्या नजरेतून ती निघालेली नाही. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला 'केरवोखे' लिहिलेली छोटी पाटी लटकते आणि शनिवारी काम उरकले की ती शेजारच्या दाराला अडकवायची. आमच्या जिन्याला दगडी पायऱ्या होत्या. फडके ओले हवे पण गळता कामा नये, कठड्याच्या मागच्या कोपऱ्यातली धूळ बोटाला लागता कामा नये आणि पुसण्याचे काम वरून खाली यायला हवे, हे मला दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी, अतिशय सौजन्याने आणि तीनदा, समजावून सांगितले होते. माझे यजमान तेव्हा कचेरीत बारा माणसांवरचे साहेब होते. शनिवारी सकाळी ते गुडघे टेकून तोच कोपरा पुसत असत. पुण्यात आल्यापासून त्यांनी फडके हाती धरलेले नाही. ते आळशी झाले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या एका तासाची किंमत आणि दुसऱ्या कोणाच्या तरी एका तासाची किंमत यांच्यातले अंतर बदलले, इतकेच.

तुमच्या यजमानांना जे 'गड्याचे जगणे' वाटते त्याचा उगम या अंतरात आहे. जर्मनीत कायद्याने ठरलेले किमान वेतन जानेवारी २०२५ पासून तासाला १२.८२ युरो होते आणि जानेवारी २०२६ पासून ते १३.९० युरो झाले. घरकामाला येणाऱ्या बाईला त्याहून कमी देता येत नाही, शिवाय तिची नोंदणी करून विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा वाटाही भरावा लागतो. त्यामुळे चांगल्या पगाराचे कुटुंबसुद्धा आठवड्यातून फार तर दोन-तीन तासांची मदत घेते आणि बाकीचे सारे स्वतः करते. फर्निचर स्वतः जोडायचे, भिंती स्वतः रंगवायच्या, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट चार मजले स्वतः चढवायचा. पुण्यात हे सारे करायला माणूस मिळतो, याचा सरळ अर्थ असा की, पुण्यात माणसाचा तास स्वस्त आहे. आपण त्याला आपुलकीने मावशी, दादा, काका म्हणतो आणि त्या आपुलकीत हा हिशेब बराचसा झाकला जातो.

कचऱ्याचे उदाहरण घ्या, कारण दोन शहरांतला फरक मला तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. स्टुटगार्टला तुम्ही कागद वेगळा ठेवता, ओला कचरा वेगळा, वेष्टने वेगळी. काच तर पांढरी, हिरवी, तपकिरी अशी रंगांनुसार वेगवेगळ्या पेटीत टाकता आणि तीही रविवारी नाही, कारण बाटली फुटल्याचा आवाज होतो. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, म्हणून ती परत दुकानातल्या यंत्रात नेऊन घालता. वर्गीकरणाचे सारे कष्ट तुमचे आहेत. पुण्यातही वर्गीकरण होते आणि उत्तम होते, पण ते तुमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, सिमेंटच्या कट्ट्यावर, हातमोजे घातलेल्या किंवा न घातलेल्या बायका करतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आली, जिच्या सभासद आज घरोघरचा कचरा उचलतात. त्या नसत्या तर शहराचा श्वास कोंडला असता, हे पुणेकर मान्य करतो; मात्र दरमहा ठरलेले शुल्क द्यायची वेळ आली की, तोच पुणेकर पावती मागतो आणि घासाघीसही करतो. कोणती पद्धत चांगली हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. कचरा दोन्हीकडे कोणीतरी निवडतेच. एकीकडे तुम्ही निवडता आणि दुसरीकडे तुम्ही निवडत नाही, म्हणून तो निवडला जातो हेच तुम्हाला दिसत नाही.

आता उलट बाजू. स्टुटगार्टला तुम्ही नळाखाली पेला धरता आणि पाणी पिता. त्या पाण्यातले बरेचसे शंभरेक किलोमीटरवरच्या बोडन्से सरोवरातून येते आणि त्यासाठी तुम्हाला वेगळा विचार करावा लागत नाही. पुण्याला खडकवासला हाकेच्या अंतरावर आहे. तरीही २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आल्यानंतर, त्या हद्दीत उभ्या राहिलेल्या कितीतरी संकुलांत उन्हाळा आला की टँकरची रांग लागते. म्हणून सुखवस्तू पुणेकर आपले छोटे संस्थानच उभारतो. पाण्याला टाकी, टँकर आणि गाळणयंत्र, विजेला जनित्र, सुरक्षेला फाटकावर रखवालदार, मुलांच्या खेळायला आवारातली घसरगुंडी आणि प्रवासाला स्वतःची गाडी अशी सगळी व्यवस्था तो करतो. संस्थानाच्या आत तो खरोखरच सुखी असतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर कोणीच नसतो. तुमच्या यजमानांचे म्हणणे मी यापुढे नेऊन म्हणेन की, स्टुटगार्टला तुम्ही घरात गडी आहात आणि रस्त्यावर नागरिक. पुण्यात घरात संस्थानिक व्हाल आणि रस्ता ओलांडताना जीव मुठीत धराल. या संस्थानाचा खर्च पगारातून जातो, हेही युरोला रुपयांनी गुणण्यापूर्वी लक्षात घ्यावे. शाळेचे शुल्क, खासगी विमा, सोसायटीची देखभाल, गाडी आणि चालक यांचा हिशेब घातला की, 'तिथे पैसे उरतील' हे विधान अनेकांच्या बाबतीत लटके पडते.

डॉक्टरांविषयी तुम्ही त्राग्याने लिहिले आहे आणि तो त्रागा मला ठाऊक आहे. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ तीन महिन्यांनी मिळणे, घरच्या डॉक्टरांनी चहा प्या आणि झोपा असे सांगून परत पाठवणे, हे सारे मीही सोसले. पुण्यात माझ्या वडिलांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ, क्ष-किरण, रक्ततपासणी आणि पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञ अशी फेरी एका दुपारी पुरी झाली आणि येताना आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. दोन वर्षांनी तेच वडील छातीत दुखते म्हणून रात्री एका खासगी रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा आतमध्ये त्यांना प्राणवायू लावला जात असताना मी पावणेबारा वाजता प्रवेशाच्या खिडकीशी अनामत रकमेसाठी एकामागून एक दोन कार्डे पुढे करत होते. एकाची मर्यादा संपली होती. जर्मनीत सरकारी विमा असलेल्या प्रौढाला रुग्णालयात दिवसाला १० युरो द्यावे लागतात, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवसांचे, आणि आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. तुमची मुलगी त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता सामावलेली आहे. लहान दुखण्याला पुणे सोयीचे आणि मोठ्या दुखण्याला स्टुटगार्ट, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. हे जाऊबाईंनाही सांगा, कारण त्यांना तिकडचे सुख वाटते ते बहुधा रस्त्याचे आणि बर्फाचे आहे; खरे सुख या २८ दिवसांच्या मर्यादेत आहे आणि ते छायाचित्रात येत नाही.

तिकडचे सारे घड्याळाच्या काट्यावर चालते अशी समजूत मात्र जाऊबाईंच्या मनातून काढून टाका. तुमच्या शहराच्या मध्यवर्ती स्थानकाचे काम २०१० मध्ये सुरू झाले, ते २०१९ मध्ये पूर्ण व्हायचे होते आणि तारीख अजून पुढेच सरकते आहे. दरम्यान पुण्यात मेट्रो सुरूही झाली. उशीर ही केवळ आपली मिरासदारी नाही.

मुलीविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण कागदावर तिचा उल्लेख फक्त 'शाळा फुकट' एवढाच आहे. ती सकाळी शाळेत कशी जाते, ते तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे. कोपऱ्यावर मैत्रिणीची वाट पाहते, दोघी मिळून सिग्नलचे बटण दाबतात, हिरवा होईपर्यंत गाडी नसली तरी थांबतात, बेकरीपाशी तिसरी मुलगी येते आणि तिघी जणी साडेसातला पाठीवर चौकोनी दप्तरे घेऊन चढण चढतात. आठ वर्षांच्या मुलीचे हे पाऊण किलोमीटर तुम्हाला रोजचे झाले आहे, म्हणून ते तुमच्या कागदात आले नाही. पुण्यात ती पिवळ्या बसने किंवा रिक्षाकाकांबरोबर जाईल, संकुलाच्या फाटकापर्यंत कोणीतरी सोडायला येईल आणि कोणीतरी घ्यायला येईल. खाली उतरून वाण्याकडून कोथिंबीर आणायला तिला एकटी पाठवताना तुमचा हात दोनदा अडखळेल. त्याच्या बदल्यात तिला आजोबा मिळतील, दुपारी घरी कोणीतरी असेल, गणपतीत आरती पाठ होईल, आवारातल्या वीस मुलांत ती भांडायला आणि समेट करायला शिकेल. स्टुटगार्टला खेळायला जाण्यासाठीदेखील आया एकमेकींना दोन आठवडे आधी वेळ विचारतात, हे तुम्हीच लिहिले आहे. मी यातले काही उणे-अधिक ठरवत नाही; पण तिला पायी चालण्याचे स्वातंत्र्य आहे आणि ते ती गमावणार आहे, हे तिला आधी सांगावे लागेल. मोठी माणसे मुलांना अशा वेळी फक्त आजी-आजोबांचे आणि आंब्याचे सांगतात.

तिच्या बाबतीत वेळही मोजकी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात आणि गिम्नाझियमच्या, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेच्या, प्रवेशासाठी आता पालकांच्या इच्छेबरोबर शिक्षकांची शिफारस आणि चाचणी यांचे वजन वाढले आहे. म्हणजे पुढचे दीड वर्ष ती त्या शर्यतीत असणार. इकडे यायचे असेल तर चौथी संपताच यावे, असे मला वाटते. पाचवी-सहावीनंतर जर्मन माध्यमातून इंग्रजी माध्यमात येणे आणि त्याच वेळी मराठी लिहायला शिकणे मुलांना जड जाते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, त्यामुळे घरात बोलते तेवढ्यावर भागणार नाही. रोज पाच ओळी लिहिण्याची सवय आजपासून लावा. यायचे ठरले नाही तरी त्या पाच ओळी वाया जाणार नाहीत. आजोबांना पत्र जाईल.

सासऱ्यांची नोंद तुम्ही 'आई-बाबा' अशी एका शब्दात केली आहे आणि मला वाटते, तुमचा खरा प्रश्न तिथेच दडलेला आहे. त्यांना तिकडे कायमचे नेता येईल का, हे तुम्ही विचारलेले नाही, म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक असावे. तरीही स्पष्ट लिहिते. मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडील आणि सासू-सासरे आणण्याची वाट थोडी उघडली, पण ती ज्यांना निवास परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला त्यांच्यासाठी आहे. तुम्ही २०१६ चे आहात. तुमच्या सासू-सासऱ्यांना १८० दिवसांत ९० दिवस पाहुणे म्हणून राहता येते आणि ७४ व्या वर्षी, दर खेपेला प्रवासी विमा काढून, ते किती खेपा करतील? इकडे सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. सासऱ्यांचे कार्ड काढले नसेल तर या डिसेंबरची वाट न पाहता काढून घ्या आणि कोथरूडच्या आसपास कोणत्या रुग्णालयांत ते चालते, याची चौकशी जाऊबाईंना प्रत्यक्ष जाऊन करायला सांगा. पैशाची सोय त्याने थोडी होईल. रात्री पावणेबाराला खिडकीशी उभे राहायला मात्र माणूसच लागेल आणि आज तो माणूस म्हणजे तुमची जाऊ आणि दीर आहेत. 'या धुळीत कशाला येताय' असे ती म्हणते, त्यात थोडा थकवा असण्याचीही शक्यता आहे. तो ऐकला गेला आहे का, हे तुम्ही आणि यजमानांनी मिळून पाहावे.

आता तुमच्याविषयी. तिकडे शाळा दुपारीच सुटते, म्हणून तुम्ही ८० टक्के काम करता आणि उरलेले २० टक्के धुणी, खरेदी, केर आणि मुलीच्या पोहण्याच्या शिकवणीत जातात. पुण्यात तुम्ही पूर्ण वेळ काम करू शकाल, बढतीही घ्याल, हे खरे आहे आणि त्याचा मोह वाटण्यात काहीही गैर नाही. फक्त ते तास कुठून येतील, ते डोळ्यांसमोर असू द्या. ते एका अशा बाईकडून येतील, जी पहाटे पाचला स्वतःच्या घरचे पाणी भरून तुमच्याकडे सातला येईल आणि तिची मुलगी त्या वेळी एकटीच शाळेची तयारी करत असेल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. त्याखाली नोंदणी होते, काही लाभ मिळतात, पण आठवड्याची सुटी आणि पगारी रजा अजून मालकिणीच्या मर्जीवरच आहे. तुम्ही दहा वर्षे स्वतःचा जिना स्वतः पुसला आहे. ती मर्जी कशी वापरायची हे तुम्हाला कोणी शिकवावे लागू नये. पण सोसायटीतल्या शेजारणी 'इतकी सुटी देऊन आमच्या बायका बिघडवू नका' असे सांगायला येतील, याची तयारी ठेवा. माझ्याकडे दोघी आल्या होत्या.

तर माझे मत असे आहे. सोयीसाठी येऊ नका. गड्याचे जगणे नको म्हणून यजमान पुण्यात आले, तर सहा महिन्यांत त्यांना घरकामाचा विसर पडेल आणि मग रस्ता, धूळ, ध्वनिवर्धक आणि टँकर यांवर ते रोज संध्याकाळी बोलतील. असे परतलेले पुरुष मी बरेच ऐकले आहेत आणि त्यांच्या बायकांना ते अधिक ऐकावे लागतात. सासऱ्यांसाठी यायचे असेल तर मात्र या, आणि उंबरठ्याबाहेरची गैरसोय ठरवून, नाव घेऊन पत्करा. यजमानांना एकदा समोर बसवून नेमके हे विचारा की, आई-वडील नसते तरी तुम्ही परत जायचे म्हटले असते का. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. तो द्या आणि मधल्या वेळात नवा कागद करू नका.

यायचे ठरले तर दोन व्यवहाराच्या गोष्टी विसरू नका. तिकडचा कायमचा परवाना देश सोडून ठरावीक काळ राहिल्यावर आपोआप संपतो. साधारणपणे ही मुदत सहा महिन्यांची असते आणि ब्लू कार्डावरून, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावरून, कायम झालेल्यांना व त्यांच्या कुटुंबाला बारा महिन्यांची मिळते. तुमचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे परदेशी नागरिकांच्या कचेरीतून लेखी घ्या, कारण बारा महिने असतील तर मालकाकडून बिनपगारी रजा मागून एक वर्ष पुण्यात राहून पाहता येईल. दुसरे म्हणजे निवृत्तिवेतनाच्या वर्गणीची पाच वर्षे तुमची केव्हाच भरली आहेत, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. ते पैसे बुडत नाहीत. योग्य वयात पुण्याच्या पत्त्यावरही मिळतात. कागदपत्रे जपून ठेवावीत.

आणि या वर्षी डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात पुणे फारच गोड असते, हवा कोरडी, हुरडा, लग्ने, सगळे सुटीवर. त्या तीन आठवड्यांवरून उभा केलेला कागद खोटाच निघणार. तुमच्याकडे उन्हाळ्याची सुटी जुलैअखेर लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. ऑगस्टमध्ये या. तेव्हा इकडे शाळा भरात असतात, रस्ते खोदलेले असतात आणि पाऊस असतो. सासऱ्यांच्याच घरी राहा, यजमानांना तिथूनच कचेरीचे काम करू द्या, सासऱ्यांना एकदा तुम्ही दोघांनीच डॉक्टरांकडे न्या, आणि धुण्याभांड्याच्या मावशींना पहिले चार दिवस पगारी सुटी देऊन घरातला केर यजमानांनी काढावा. मुलीला रोज संध्याकाळी खालच्या वाण्याकडे पाठवा. पहिल्या दिवशी आजोबा बरोबर जातील, दुसऱ्या दिवशी ते फाटकापाशी थांबतील, तिसऱ्या दिवशी काय होते ते मला कळवा.

तुमची,
सदरलेखिका